कारणाचा रकाना

दहाला खिडकी उघडते.
डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू, मध्ये मी.
पंख्याचा वारा नेमका उजवीकडच्या कागदांवर येतो
म्हणून त्यांच्यावर हळदीचा एक वाळला गड्डा.
सांगलीत वजनसुद्धा मार्केट यार्डातलं.

अकरा वर्षं मरणाचं कारण उतरवतेय.
हृदयक्रिया बंद पडून.
हृदयक्रिया बंद पडून.
खालच्या कागदावरही तेच, शाई तेवढी वेगळी.
पगार उतरवण्याचा आहे, विचारण्याचा नाही.
पण चालू कुणाचं राहतं हो, शेवटी?

समोर उभी असतात ती माणसं वेगळंच सांगतात.
मिरजेचा गौस शिकलगार, सतार जुळवताना
तार तुटून बोटात शिरली.
"एवढंसं होतं," भाऊ करंगळीचं नख दाखवतो,
"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं की, मॅडम."
जतकडची कोळेकरांची सून, बाळ पाच दिवसांचं,
हुडहुडी भरली, तर सासू म्हणाली वारं लागलं.
बाळाचा कागद डावीकडे, तिचा उजवीकडे,
एकाच दिवशी, एकाच पिशवीतून.
आणि तो मुलगा, ज्याच्या वडिलांचं ऑपरेशन
"एकदम झकास" झालं होतं.

मार्चमध्ये सिव्हिलची एक डॉक्टर आली, मृणाल उपाध्ये.
तीन दिवस माझ्या स्टुलावर बसून रजिस्टरं चाळली.
म्हणाली, नुसत्या जंतूंनी नाही जात माणूस,
त्यांच्याशी लढताना अंग स्वतःवरच उलटतं.
म्हणजे चोर राहिला बाजूला,
राखणदारानंच घर पेटवलं?
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.
"सेप्सिस. जगभर हेच चाललंय.
पाचातलं एक मरण, असा अंदाज.
अंदाजच, कारण…"
आणि तिचं बोट माझ्या अक्षरावर येऊन थांबलं.

त्या रात्री झोप नाही.
माझी ओळ इथून पुण्याला जाते, तिथून दिल्लीला,
मग कुठल्या तरी थंड देशातल्या टेबलावर
कुणीतरी बेरीज मांडतो
आणि त्याला वाटतं,
या कृष्णाकाठच्या लोकांची हृदयं भारीच नाजूक.

अक्काताई मगदूम वखारीत हळद निवडायला.
पॉलिशच्या ढोलाचा पत्रा पायाला लागला.
हळद दाबली. हळदीतच उभी बाई, दुसरं काय लावणार?
तिसऱ्या दिवशी ताप उतरला, अंग गार पडलं,
घरच्यांना हायसं वाटलं.
सुरय्या मुल्लाला नाही वाटलं.
गल्लीतली आशाताई ती,
दुसऱ्याच कामाला आलेली, दारातनंच परत फिरली असती.
मनगटावरचं घड्याळ धरून तिनं श्वास मोजले. बत्तीस.
"लघवी कधी झाली?"
"सकाळपास्न न्हाई."
"आज वार कुठला, अक्काताई?"
अक्काताईनं नवऱ्याचं नाव सांगितलं.
गाडीची वाट न बघता
पोत्यांच्या टेम्पोत घातलं तिला, पोत्यांसकट,
आणि सिव्हिलच्या दारात सुरय्या एवढंच ओरडली,
"थांबवू नका हिला, केसपेपर मागनं करा!"

श्रावणात अक्काताई खिडकीशी आली.
मी सवयीनं उजवीकडचा फॉर्म काढला.
"तो नगं. नात झालीया."
चपलेत डाव्या पायाची दोन बोटं नव्हती.
नाव?
"अजून न्हाई ठेवलं.
घड्याळवालीला इचारून ठेवायचंय."

काल परत एक कागद आला.
वय एकोणतीस, गाव कवलापूर, कारण तेच.
पेन टेकवलं. उचललं.
गड्डा बाजूला सरकवून फोन ओढला, नंबर फिरवला.
"डॉक्टर, हृदय बंद पडलं, ते कळलं.
का पडलं?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
रांगेतला एकजण खाकरला.
कागद फडफडायला लागले.
मी तळवा त्यांच्यावर ठेवला
आणि म्हणाले, "थांबते मी."