निरोप

आमच्या घरातला सगळ्यात म्हातारा माणूस,
त्याचं नाव लहानू.
यावर अंशुल रोज नव्यानं हसतो,
हसता हसता खाटेवरून एकदा तरी पडतो.

उन्हाळ्यात नऊच्या आत
दोन्ही पोरं गोळीबार चौकात आजोबांकडे सोडते
आणि इतवारीत जाते,
सुरतेहून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायला.
आजोबांनी पस्तीस वर्षं मिलमध्ये माग चालवला.
मागानं कापड दिलं, कान ठेवून घेतले.
आजीचे डोळे कशानं गेले, कुणी नीट सांगत नाही.
ती म्हणते, कांड्या भरता भरता
धाग्यासंगं गुंडाळल्या गेले.

तर सत्तर वर्षांचा संसार आता असा :
तो तिचे ओठ हलताना बघतो,
ती त्याचा खोकला कुठून येतो ते ऐकते.
मधे बारा पावलांची खोली, वाळ्याचा ओला कूलर,
आणि खिशात कांदा घातलेली माझी पोरं
या खाटेवरून त्या खाटेवर.

"तिले सांग, वरणात मीठ नाही."
मनस्वी जाते. बारा पावलं.
"त्याले म्हण, मीठ आहे, जीभ गेली असन."
मनस्वी येते, तळहातांचा कर्णा करून ओरडते.
शेजारी पौनीकरांकडेही कळतं
आज आमच्या वरणात काय नाही.

पहिले आठ दिवस निरोप जसेच्या तसे गेले.
नवव्या दिवशी
(हे मला अंशुलनं सांगितलं, बर्फाच्या गोळ्याच्या बदल्यात)
आजोबा म्हणाले, "तिले म्हण, किती बडबडते."
आणि मनस्वी तिकडे जाऊन म्हणाली,
"पणजोबा म्हणतात, तू बोलत राहा."

आजीच्या हातातला लसूण हातातच राहिला.
मग म्हणाली, "त्याची तब्येत बरी नाही काय?"
मनस्वीनं इकडे येऊन सांगितलं,
"पणजी तब्येत विचारून राहिली तुमची."

त्यानंतर धरबंध राहिला नाही.
"चहा थंड" चं झालं "चहा तुझ्याच हातचा",
"रातभर घोरतो" चं "झोप लागली ना नीट?"
बाहेर शेहेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही,
आणि आत माझी नऊ वर्षांची पोरगी
दोन माणसांचं लग्न जमवत होती.

मी रागावणार होते. खोटं ते खोटं.
संध्याकाळी घ्यायला गेले तर आजोबांनी दाढी केलेली,
हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं.
आजीनं हळूच विचारलं, "कसा दिसते?"
"चांगला," मी म्हटलं.
"खरं सांग. तू बी त्या पोट्टीसारखं नको करू."

म्हणजे तिला माहीत होतं!
"सत्तर वर्सात या माणसानं असा एक शब्द काढला नाही.
डोळे गेले माये, अक्कल नाही गेली."
"मग तिला बोलली नाहीस?"
सुपातली लसणाची सालं तिनं फुंकून उडवली.
"राहू दे. गोड बोलते."

आमच्याकडे शाळा उशिरा उघडतात, जून संपता संपता.
त्याच्या आदल्या संध्याकाळी
मी दारात चप्पल काढत होते
आणि आजी उठली. भिंत धरून.
तिला बारा पावलं नाही, एकोणीस लागली; अंशुलनं मोजली.
त्याच्या खाटेच्या कडेला बसली,
हातानं चाचपत कान शोधला,
आधी नाक सापडलं,
मग कान.
तोंड लावून काहीतरी म्हणाली.

"काय?" आजोबा ओरडले.
"काय म्हणून राहिली हे? सांग न वं पोरी!"

कूलर घरघरत होता.
मनस्वीनं अंशुलकडे बघितलं.
अंशुलनं खिशातला कांदा काढला,
उलटासुलटा करून बघितला, परत ठेवला.
दोघंही बोलले नाहीत.

आजीनं श्वास घेतला,
पुन्हा सांगायला.