नाकावरची माशी

अ‍ॅडलेडच्या दवाखान्यात बाकावर आम्ही चौघं,
नाकाला, कानाला, ओठाला बोळे.
एक थर कापायचा, काचेखाली बघायचा,
मग पुन्हा नाव पुकारायचं.
"बिस्किट घे, वेरना," शेजारचा म्हातारा म्हणाला,
"माझा चौथा थर. मेंढीसुद्धा एवढी भादरत नाहीत."
हसायची मनाई होती.
हसले.

चाळीस वर्षं होडीवर.
ऊन लागतं, माहीत होतं;
मुरतं, हे नव्हतं.

कपाळाची कातडी वळवून नाकावर शिवली.
कॉल्मने जाळं तपासावं तसे टाके पाहिले:
"बारीक आहेत. मासा सुटला नसता."

नाकावर माशी बसू दिली नाही कधी मी.
आता बसते,
आणि गुदगुल्या होतात कपाळाला.
मी कपाळावर हात मारते.
माशी
बसलेलीच.