टाचणी

वाळपईत, मासळी मार्केटच्या मागे,
माझी एक मशीन आणि दीड खिडकी.
ब्लाऊज शिवते, शाळेचे गणवेश,
आणि बुरखे.
काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही,
उसवायचं झालं तर
बोटांनीच चाचपावं लागतं.

मैमूना आली काजूच्या हंगामात.
डिकाने बोटांची सालं निघालेली.
म्हणाली, सफूराबाय, पुढून चेन लाव,
झटकन निघाला पाहिजे.
नवरा कुवेतला, दीर इथे,
आणि दिराचे डोळे कुवेतपर्यंत.
खांदा चौदा, उंची त्रेपन्न.
मी वहीत तेवढंच लिहिलं.
शिंपिणीने माप विचारावं, कारण नाही.

त्याच आठवड्यात तहसीन.
पोरगी बी. फार्मची, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली.
म्हणाली, कापड पातळ घ्या,
घडी डब्याखाली मावली पाहिजे.
घरी ठाऊक नाही.
आई म्हणते, डोकं झाकून मुलाखतीला गेलीस
तर कंपनीवाले पाणीसुद्धा विचारणार नाहीत.
बाप म्हणतो, आपल्यात कुणी घातला नाही कधी,
तुला फोनमधून सुचलं का हे?
ती म्हणाली, मला त्यात बरं वाटतं.
पुढचं वाक्य शोधत राहिली.
मी टेप गुंडाळत राहिले.

माझी आई डोंगरावर बोंडू पिरगळायची,
डोक्याला टॉवेल.
ऊन, मुंग्या, डीक.
खालून बांग ऐकू आली
की तोच टॉवेल कपाळावर आणखी बोटभर ओढायची.
दोन्हींत फरक काय, तिला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
तिने बिबे मोजायला सांगितले असते.

परवा म्हापशाला दोरे आणायला निघाले,
सातची कदंब.
मागच्या सीटवर दोघी, अनोळखी.
होंड्याचा तिठा गेला
आणि चेनचा आवाज आला. माझीच चेन, मी वळलेही नाही,
वरच्या दहा दातांवर ती जरा अडते.
मैमूना बाहेर आली,
पिवळा कुडता, केसांत अबोलीचा तुटका गजरा,
काळी घडी पिशवीत, पिशवीवर नारळ.
आणि त्याच वेळी शेजारची
डब्याखालून काळी घडी काढत होती.

कोपराला कोपर लागला.
थांबल्या.
चुकून दुसऱ्याच्या घराचं दार लोटलं
की माणसं बघतात, तशा बघत राहिल्या.
कंडक्टर म्हणाला, बाय, सुटे द्या.

तहसीनची टाचणी खाली पडली,
बस वळणावर, टाचणी गेली पुढच्या सीटांखाली.
मैमूनाने दातात धरलेली आपली टाचणी काढली,
कुडत्याला पुसली, दिली.
घे. पण पाचच्या बसला परत कर गो,
वाळपईत उतरायच्या आधी मला लागते.
तहसीन म्हणाली, मी तेव्हा काढत असते.
मग झालंच तर, मैमूना म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघत हसली,
किंवा धूळ गेली असेल डोळ्यात.

परबीणबाई ब्लाऊज टाकायला येतात, विचारतात,
तुमच्यात जबरदस्ती असते ना हो?
मी विचारते, मागचा गळा किती?
तीन इंच. सासरी चालत नाही जास्त.
तीन इंच लिहिते.
जमातीतले हाजीसाहेब कुलपाच्या चावीने खिडकी वाजवतात:
शिवतेस तर घालत का नाहीस?
काल घातला होता. आज उकडत होतं.
हे उत्तर दोघांनाही पुरत नाही.

पाचच्या बसला मी नव्हते.
टाचणी परत मिळाली का, ठाऊक नाही.
काल मैमूना येऊन गेली. चेन अडते म्हणाली.
वर ओढताना की खाली,
विचारणार होते. नाही विचारलं.
मेणबत्तीचा तुकडा घेतला
आणि दोन्हीकडून चोळून दिली.