लांबी

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे,
जिथे पूर्वी घड्याळं दुरुस्त व्हायची
तिथे आता चित्रं लागतात.
खोली एकच. बारा पावलं लांब, सात रुंद,
मागे एक मोरी, तिच्यात लामारा
पाहुण्यांचे पेले विसळते.

चित्रं बघणं हे माझं काम नाही.
ती उतरली की मागे राहतात ती भोकं
लांबीनं भरायची,
वाळली की घासायची,
वरून पांढऱ्याचा एक हात.
दर महिन्याला, अकरा वर्षं.

लांबी म्हणतात, पण तिनं काही लांब होत नाही.
उलट, मी एकदा हिशेब केला :
एकशे बत्तीस हात.
कागदाएवढी का होईना, दर खेपेला
खोली आक्रसत चाललीय.
लामाराला हे सांगितलं नाही.
भाडं ती पूर्ण खोलीचं भरते.

भिंतींना कान असतात म्हणे.
हिच्या कानांत मी इतकं कोंबलंय
की भाषणं तरी तिला ऐकू जात नसावीत.

मार्चमध्ये त्सिसाना आली. नऊ चित्रं, नऊही नदीची.
पुरातल्या रिओनीचा रंग आठव्यापर्यंत जमला नाही,
नवव्यातही नाही, तेव्हा मी थांबले,
असं तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं.
वरच्या वस्तीतला एक जण टोपी हातात धरून
एकेका चित्रापुढे उभा राहिला
आणि शेवटी म्हणाला,
"यात आमची गाय कुठाय?"

कुणी हसलं नाही.
दुसऱ्या दिवशी कुलूप काढायच्या आधी
त्सिसाना दारात, खिशात बारकासा ब्रश.
सातव्या चित्रात, उजव्या कोपऱ्याकडे
आता काहीतरी तपकिरी वाहतंय.
गाय की ओंडका, मी विचारलं नाही.
तो टोपीवाला परत आला नाही.

एप्रिलमध्ये ओतारचे फोटो :
पाहुणे उठून गेल्यावरची टेबलं.
माणूस एकही नाही. हाडं, पावाचे कडे,
चिरडलेले डाळिंबाचे दाणे,
आणि एक खुर्ची, बाकीच्यांहून जरा जास्त मागे सरकलेली.
तिच्यावरून उठलेला रागानं गेला की घाईनं,
यावर दोन बायका तासभर भांडल्या.
झुझुना चष्मा लावून एका फोटोत शिरली ती शिरलीच.
"हा डाग माझ्या घरचा.
तीनदा उकळला, गेला नाही.
आणि इथे बघा, काचेत घालून
किंमत लावलीय त्याला!"

जे विकलं जातं त्याच्याशेजारी लाल टिकली लागते.
ज्याला टिकली लागते ते इथे टिकत नाही.
चाळीस टिकल्यांचं पाकीट आम्हाला तीन वर्षं पुरतं.
त्या संध्याकाळी ते लामाराच्या नातीच्या हाती पडलं.

नुत्सा सात वर्षांची, अत्यंत गंभीर.
दिव्याच्या बटणाला एक,
झुझुनाच्या कोटाला पाठीमागून एक,
आग विझवायच्या नळकांड्याला, लालावर लाल,
माझ्या लांबीच्या डब्याला.
ओतारच्या एकाही फोटोला नाही.
एका परगावच्या गृहस्थानं
नळकांड्याची चौकशी केली.
लामारा पेला पुसत म्हणाली,
"ते गेलं. सकाळीच."

रात्री सगळे गेल्यावर मी टिकल्या काढत फिरलो.
शेवटची उघड्या भिंतीवर होती,
दोन फोटोंच्या मधोमध, माझ्या कमरेइतकी खाली.
बोट फिरवलं तर
खालची लांबी अजून मऊ.
आदल्या महिन्यातलं भोक, घाईत भरलेलं.
पांढऱ्यावर पांढरं, मलाही दिसत नाही ते
हिला कसं दिसलं?

काढली नाही. महिनाअखेरीस
तिच्यावरूनच रंगाचा हात फिरवला.
नीट बघितलं तर एवढासा उंचवटा आहे,
गोवराच्या पुळीसारखा.
पुढचं चित्र कुणाचं, अजून ठरलेलं नाही.
कुणाचंही असो,
खिळा मी दोन बोटं डावीकडे मारीन.