दगडफूल ओलं असेतोवर

आडवा हो, दांगुओले म्हणाली,
उभ्यानं दिसते ती नुसती टोपी.

मग मी, पावाची गाडी रस्त्याकडेला लावून,
सदऱ्याला पीठ तसंच,
ऊला नदीपल्याडच्या पाइनात पालथा पडलो.
कोपराखाली दगडफूल चुरचुरलं.
इथं ते जमिनीवरच पसरतं मैलभर,
सायीसारखं,
उन्हानं कुरकुरीत होईपर्यंत.

अळंबं वीतभरही नव्हतं.
टोपी भाजलेल्या पावाच्या पाठीसारखी
(मला दुसरी उपमा येत नाही, माझा धंदाच तो),
कडेला जरा चिकट, तिथं पाइनच्या दोन सुया,
बुडाशी जोडलेल्या,
कर्कटकासारख्या उघड्या.
एका अंगाला बिनशंखाच्या गोगलगायीनं खाल्लेलं,
घास नीटनेटका,
लहान पोरानं बिस्किटाचा घ्यावा तसा.
टोपीखाली पडदे नाहीत, घड्या नाहीत,
फक्त भोकं, पिवळसर, सुईनं टोचून टोचून केल्यासारखी,
आणि प्रत्येक भोक म्हणजे एक अरुंद बोळ
अंधारात वर गेलेला.
एक मुंगी आत डोकावली, परत फिरली.
घर चुकलं असावं.

बराच वेळ काही झालं नाही.
हे सांगायला हवं.
अळंबं पाहताना बराच वेळ काहीच होत नाही.
कुठंतरी सुतारपक्षी.
गाडीचं इंजिन निवताना टिकटिकत होतं.
दांगुओले पंच्याऐंशीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बुंध्याला टेकून काठीनं जमीन चाचपत राहिली.
अळंबी तिला आता काठीच्या टोकाला कळतात.

'अंगठा लाव. खालून.'
लावला.
पिवळ्यावर आधी ओलसर डाग,
मग, मी आठ मोजेपर्यंत,
शाई.
दौतीतली निळी,
माझ्या अंगठ्याच्या रेषांसकट.
हिसका नाही, आवाज नाही.
नुसतं कळलं त्याला.

'विषारी?'
'छे. जन्मभर खाल्लंय. कढईत पडलं की निळं जातं.'
मग, जराशानं,
'माणसाचं जायला पंधरा दिवस लागतात.'

मी विचारलं नाही. तीच बोलत गेली, तुटक.

'दहा वर्षांची होते. टोपलीत वर ही अळंबी,
खाली फडक्यात काळा पाव.
माझा भाऊ लिओनास, अन् त्याच्यासोबत चौघे,
जमिनीखाली राहायचे. कुठं, ते मला सांगितलेलं नव्हतं.
बुंध्याशी टोपली ठेवायची,
मागं न बघता यायचं,
दगडफूल ओलं असेतोवर.
ओल्यावर पाऊल वाजत नाही.

एकदा शिपायांनी धरलं. एकानं दंड आवळला.
दुसरा, थोराड, खाली बसला,
अळंबी एकेक उचलून दाबून बघत होता.
आमच्याकडंही होतात ही, म्हणाला,
आई खारवून ठेवायची.
शेवटच्या थरापाशी थांबला.
टोपलीभर त्याचीच बोटं, निळी.
माझ्या दंडाकडं बघितलं.
घरी जा, म्हणाला.'

'पाव दिसला होता त्याला?'
'तेच तर पंचाहत्तर वर्षं विचारतेय.'

'आणि लिओनास?'
तिनं काठी दोनदा जमिनीवर आपटली.
पोकळ वाजलं नाही.
थोडं सरकून पुन्हा आपटली, सवयीनं,
दारावरून जाताना कडी हलवून बघावी तशी.

उठलो तेव्हा सदऱ्याभर चुरा,
पीठ कुठलं, दगडफूल कुठलं, सांगता येईना.
अळंबं आम्ही नेलं नाही.
गोगलगायीचं अर्धं राहिलंय, ती म्हणाली,
आणि काठीनं त्यावर सुया ओढल्या.
मी वाकून शेवटचं बघितलं:
निळं उतरून मळकट तपकिरी झालेलं,
ठसा होता अजून,
पण माझाच, असं
शपथेवर सांगता आलं नसतं.