सरकी

मानवतच्या जिनिंगमागं आमचं ग्राउंड.
लेगला विहीर. चेंडू आत गेला की बाद,
वर दोर धरून उतरायचं, तेही ज्यानं मारला त्यानंच.
ऑफला गठाणींचे ट्रक, ट्रकखाली झोपलेला रज्जाक ड्रायव्हर;
त्याची झोप मोडण्यापेक्षा आउट झालेलं बरं.
समोर वजनकाटा आणि मुनीम.
सुग्रीव लटपटेला मोकळी दिशा उरली एकच:
मी उभा होतो ती.

ग्लोव्हज नव्हते. उन्हाळा होता, बारावीचा.
तो एकदम गुडघ्यावर बसला, मला वाटलं पडला.
बॅटीचं तोंड आभाळाकडं,
आणि रोलरमधून सरकी निसटावी
तसा चेंडू त्याच्या खांद्यावरून सुटला
थेट माझ्या दातावर.
वरचा, पुढचा. अर्धा गेला.
या फटक्याची पहिली नोंद कुठल्याच स्कोअरबुकात नाही,
माझ्या तोंडात आहे.

निवड चाचणीला कोच म्हणाला,
नाव सुग्रीव म्हणून काय माकडचाळे करायचे?
कोपर वर. डोकं स्थिर. सरळ खेळ.
तीन वर्षं तो सरळ खेळला.
तेवीस, अकरा, सतरा, पुन्हा अकरा.

मग इंदूरला, शेवटच्या षटकात,
अंधुक उजेडात, कोच पॅव्हेलियनमध्ये लांब बसलेला असताना
त्याला बहुतेक विहीर दिसली.
बसला गुडघ्यावर.

त्यानंतर लिलाव.
लिलाव आम्हाला नवा नव्हता, मोंढ्यात रोज बघतो:
मुठीत कापूस घेतात, दाबतात, ओल किती विचारतात.
माणसाचा मात्र पहिल्यांदाच पाहिला,
मुनीमाच्या टीव्हीवर, सत्तर जण, दाटीवाटीनं.
भाव फुटला तेव्हा रज्जाकनं ट्रकचा हॉर्न
इतका वेळ दाबून धरला की बॅटरी उतरली.

टीव्हीवरचे त्या फटक्याला
कसल्याशा चमच्याचं नाव द्यायचे.
आम्ही टीव्हीला दुरुस्त करत राहायचो:
सरकी हाय ती, सरकी!

चार हंगाम.
मग कुणीतरी लॅपटॉपवर शोधून काढलं
की चेंडू सुटायच्या आधी याचा डावा गुडघा हलतो.
मला ते दात पडला त्या दिवसापासून माहीत होतं.
कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

पाचव्या हंगामात तो पाणी घेऊन धावला.
सहाव्यात नाव पुकारलं, हात एकही वर गेला नाही.
अडत्यांच्या भाषेत, माल परत.
इतके दिवस आडनावच लटपटत होतं,
आता पायही.

काल संध्याकाळी आला. जिनिंगचे प्लॉट पडलेत,
उरल्या जागेत पोरं खेळतात.
जो तो लेगला उचलतोय.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग मला हळूच म्हणाला, विहीर कधी बुजवली?
आठ वर्षं झाली, म्हणालो.
मग कामून मारतील मागं, म्हणाला,
आणि चपलेनं माती उकरत बसला.

एका पोरानं, ओळख ना पाळख, बॅट पुढं केली.
काका, एक बॉल खेळता?

मी सवयीनं जाऊन मागं उभा राहिलो.
ग्लोव्हज आजही नव्हते.
त्याचा डावा गुडघा कटकन वाजला,
पोरांनाही ऐकू गेला असेल.

मी तोंड मिटून घेतलं.