दोन मिनिटं

खोली एकशे सदतीस, हेलेना.
बाहेर उणे एकोणीस.
शाळेची बस चालवणारी डार्ला क्विस्ट
आज प्रवासी होऊन आलीय,
मांडीवर एमेट, बूट काढलेला.

माइकशेजारी दिवा : हिरवा, पिवळा, लाल.
प्रत्येक आईबापाला दोन मिनिटं.

“सव्विसाव्या आठवड्यात झाला हा.
नऊशे ग्रॅम.
रजा होती एकवीस दिवसांची.
बाराव्या दिवशी मी स्टिअरिंगवर.
उरलेले नऊ राखून ठेवले,
काचेच्या पेटीतून घरी येईल
तेव्हासाठी.
तोवर लोकांची बेचाळीस मुलं
रोज वेळेवर पोचवली, सर.
एकदाही उशीर नाही.”

पिवळा.

एक सदस्य चष्मा पुसत विचारतात,
“पण खर्च कोण सोसणार?”

डार्ला हातातला कागद उलटते.
मागच्या बाजूला एमेटच्या रेघोट्या.
“आत्ता कोण सोसतंय,
तेवढं एकदा लिहून घ्या ना.”

लाल.

टिपणं घेणारी बाई थांबते.
मग लिहिते.

पुढचं नाव पुकारलं जातं.
एमेटचा एक बूट खुर्चीखालीच राहिलाय.
रांगेतला कुणी बाप वाकून उचलतो,
देऊ कुणाला म्हणून इकडेतिकडे बघतो,
आणि बूट हातात तसाच धरून
माइकपुढे उभा राहतो.

हिरवा.